तिसऱ्यांदा विचारल्यावर

एल्व्हडाल, मिनेसोटा
९ जानेवारी १९९४

प्रिय आर्डिस,

नाताळचं तुझं कार्ड मिळालं. त्यातला मांजराचा फोटो मार्लिसने फ्रिजवर लावला आहे. आमच्याकडे सगळं ठीक. पारा शून्याच्या खाली सत्तावीसवर आहे, पण वारा नाही, त्यामुळे तक्रार करण्यासारखं काही नाही.

एक छोटं काम होतं. तुला वेळ नसेल तर पत्र इथेच मिटून ठेव. मला अजिबात वाईट वाटणार नाही.

अजून वाचते आहेस म्हणजे वेळ असावा. मी एक कादंबरी लिहिली आहे.

मार्लिस सोडून हे कुणाला ठाऊक नाही. सव्वीस वर्षं मी शाळेची बस चालवतो. सकाळी मुलांना सोडलं की दुपारी परत न्यायची वेळ होईपर्यंत बस शाळेमागे उभी असते आणि मी बसमध्ये. पूर्वी त्या वेळात बायबल वाचायचो. मग बायबल वाचता वाचता झोपायला लागलो, ते मनाला बरं वाटेना, म्हणून चार वर्षांपूर्वी लिहायला घेतलं. मागच्या बाकांवरची पंधरा-सोळा वर्षांची मुलं काय काय बोलत असतात. ड्रायव्हरला कान असतात हे त्यांच्या गावीही नसतं. त्यांच्याच वयाच्या वाचकांसाठी ही कादंबरी आहे. मार्लिसने टाइप केली. दोनशे ऐंशी पानं झाली.

वाचनालयातल्या बाईंकडे मी आपली सहज चौकशी केली, दुसऱ्या कुणासाठी करतोय असं दाखवून. त्या म्हणाल्या, कादंबरी थेट प्रकाशकाकडे पाठवून उपयोग नाही. आधी न्यूयॉर्कच्या एखाद्या एजंटला एक पानाचं विचारणापत्र लिहायचं. ते आवडलं तर एजंट कादंबरी मागवतो, आणि कादंबरी आवडली तर तो प्रकाशक शोधतो. तू एकोणीस वर्षं अशाच एका एजंटच्या कचेरीत टपाल उघडत होतीस, म्हणून तुझी आठवण झाली. माझा मसुदा असा आहे:

“माननीय महोदय किंवा महोदया, आपण कामात असाल, तेव्हा त्रास दिल्याबद्दल क्षमस्व. एल्व्हडाल हे गाव १८८१ साली वसलं. येथील तळ्यावर जानेवारीत सरासरी अठ्ठावीस इंच बर्फ असतो. दर हिवाळ्यात गावकरी एक जुनी गाडी त्या बर्फावर नेऊन ठेवतात आणि वसंतात ती कोणत्या दिवशी बुडेल यावर पैजा लावतात. त्यातून चर्चचं छप्पर दुरुस्त होतं. या प्रथेविषयी मी थोडंफार लिहिलं आहे. त्यात एक मुलगीही आहे. माझ्या पत्नीने ते वाचलं आणि तिच्या मते ते अगदीच वाईट नाही. आपल्याकडे याहून चांगली पुस्तकं येत असतील, त्यामुळे आपण नाही म्हणालात तरी मी समजू शकतो.”

काही सुधारणा सुचली तर कळव. नाही सुचली तरी चालेल.

तुझा चुलतभाऊ,
सेल्मर


ब्रुकलिन, न्यूयॉर्क
१९ जानेवारी १९९४

प्रिय सेल्मर,

चार वर्षं तू कादंबरी लिहितोस आणि दर नाताळला मला काय कळवतोस, तर वारा आहे की नाही! आधी मिठी घे. मग खुर्चीत नीट बस, कारण आता मी ओरडणार आहे.

तुझं पत्र मी माझ्या जुन्या नोकरीतल्या टेबलावर बसल्यासारखं वाचलं. त्या टेबलावर मी रोज साठ पत्रं उघडत असे. एका पत्राला किती वेळ मिळायचा सांगू? कॉफीचा एक घोट. तुझ्या पत्राने त्या एका घोटात मला काय दिलं? गाव कधी वसलं आणि बर्फ किती इंच आहे. “त्यात एक मुलगीही आहे.” मुलगीही! सेल्मर, कादंबरी मुलीची आहे की बर्फाची?

मार्लिसच्या मते ते अगदीच वाईट नाही, हे आधी खोड. माफी एकदाही मागायची नाही. आणि एजंटला नकार द्यायचा मार्ग तू दाखवू नकोस. तो त्यांना चांगला सापडतो.

मला फक्त एवढंच सांग: त्या मुलीला काय हवंय? तिच्या आड कोण येतंय? आणि ते मिळालं नाही तर तिचं काय जाईल? मी जन्मभर बाकी सगळं विसरले तरी एजंटबाईंची ही तपासणी विसरणार नाही. त्यांना पानाच्या पहिल्या तीन ओळींत हे दिसलं नाही की त्या कागद नुसता माझ्याकडे सरकवायच्या.

आणखी एक. प्रत्येक पत्रासोबत तुझाच पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं रिकामं पाकीट घाल. उत्तर त्यातूनच येतं. नकार असेल तर छापील चिठ्ठी. कादंबरी वाचायला हवी असेल तर दोन ओळी. आणि वाचून घ्यायचीच ठरवली तर पाकिटाला कोण विचारतो, फोन येतो.

लवकर लिही. मला त्या मुलीचं नाव हवंय.

तुझी,
आर्डिस


एल्व्हडाल
३० जानेवारी १९९४

प्रिय आर्डिस,

तू ओरडलीस ते बरं वाटलं. पत्र मार्लिसला मोठ्याने वाचून दाखवलं. ती म्हणाली, “ते नुसतं ‘वाईट नाही’ एवढंच नव्हतं. मी रडले होते. पण तू विचारलंस कुठे?” हे मला नवीनच.

मुलीचं नाव सिग्ने. सोळा वर्षांची आहे, गोष्ट आपल्या लहानपणच्या काळातली. तिला डुलुथला गाड्या दुरुस्त करायच्या शाळेत जायचं आहे. थोरला भाऊ अलास्काला जाताना आपली हिरवी गाडी तिला देऊन गेला. गाडी बंद पडलेली आहे, पण सिग्नेला वाटतं की आपण ती चालू करू आणि तिच्यातूनच डुलुथला जाऊ.

त्या वर्षी गावाला बर्फावर ठेवायला गाडी मिळत नव्हती. चर्चच्या समितीने सिग्नेच्या वडिलांना विचारलं. वडिलांनी जेवताना सिग्नेला विचारलं, “ती हिरवी नेली तर तुझी काही हरकत नाही ना?” ती म्हणाली, “नाही, नाही. न्या की.” वडील आणखी एकदा विचारतील असं तिला वाटलं होतं. त्यांनी विचारलं नाही. सकाळी तिने खिडकीतून पाहिलं तर घोडे जुंपून गाडी तळ्यावर चालली होती.

पुढे ती दर रविवारी पोटदुखीचं निमित्त करून घरी राहते आणि सगळे चर्चमध्ये असताना बर्फावर जाऊन इंजिन दुरुस्त करते. तिने चर्च चुकवावं हे मला खटकतं. पण तळ्यावर कुणीच नसेल अशी दुसरी वेळ मला सापडली नाही. त्याबद्दल मी प्रार्थनेत बोललो आहे.

आपल्याकडच्या या सवयीवरून आठवलं. आमचे नवे पास्टर टेक्ससचे आहेत. परवा घरी आले. मार्लिसने विचारलं, “केक घेणार?” आणि ते चटकन म्हणाले, “हो, घेतो.” पहिल्याच विचारण्याला! मार्लिसने केक अजून कापलासुद्धा नव्हता. पहिल्यांदा नको, दुसऱ्यांदा राहू द्या, तिसऱ्यांदा “बरं, अगदी थोडा”, एवढ्या वेळात तिचा कापून होतो. बिचारी सुरी शोधत राहिली आणि पास्टर ताटली धरून बसले. माणूस चांगला आहे. शिकेल.

नवा मसुदा असा सुरू केला आहे: “सोळा वर्षांच्या सिग्नेला, कुणाची अडचण होणार नसेल तर, तिची गाडी परत हवी आहे.”

आता जमलं का?

तुझा,
सेल्मर


ब्रुकलिन
९ फेब्रुवारी १९९४

प्रिय सेल्मर,

“कुणाची अडचण होणार नसेल तर” वाचून मी इतकी हसले की मांजर मांडीवरून उडी मारून गेलं.

पण गाडी! बंद पडलेली गाडी, खाली पातळ होत जाणारा बर्फ, काठावर पैजा लावून बसलेलं गाव, आणि बॉनेटखाली डोकं घातलेली एकटी मुलगी. अरे, हे तू पोतडीच्या तळाशी घालून वर बटाटे रचले होतेस!

आता माझं ऐक. जेवताना वडिलांनी विचारलं आणि ती “न्या की” म्हणाली, हे पत्रातून काढ. मला कळतं, मी तिथेच वाढले. पण मी तीस वर्षं इथे काढली आहेत. इथे नाही म्हणजे नाही आणि हो म्हणजे हो. एजंट म्हणेल, मुलगी स्वतःच न्या म्हणाली, मग आता रडते कशाला? सोपं करून टाक. वडिलांनी न विचारता नेली, असं लिही. मी तुझ्यासाठी लिहून पाठवतेय:

“सोळा वर्षांच्या सिग्नेला तिच्या भावाने एक गाडी दिली आहे, आणि तिच्या वडिलांनी तिला न विचारता ती गोठलेल्या तळ्यावर नेऊन ठेवली आहे. सगळं गाव ती बुडायच्या दिवसावर पैजा लावून बसलं आहे. बर्फ फुटण्याआधी सिग्नेला बंद इंजिन एकटीने चालू करावं लागेल. नाहीतर गाडीबरोबर गावाबाहेर पडायची तिची एकुलती एक वाटही तळाशी जाईल.”

याखाली कादंबरी किती शब्दांची आहे ते लिही. मग तू कोण ते: शाळेची बस, सव्वीस वर्षं. त्याच्यापुढे एक शब्द नको. “गाव लहान आहे पण” नको. सही कर आणि टपालात टाक. सोबत आठ एजंटांची नावं देतेय. माझ्या बाई आता नाहीत, नाहीतर मी स्वतःच त्यांच्या टेबलावर आपटलं असतं.

तुझी,
आर्डिस


एल्व्हडाल
६ मार्च १९९४

प्रिय आर्डिस,

आठही पत्रं गेली. पोस्टातल्या बाईंनी विचारलं, “न्यूयॉर्कला इतकं काय?” मी म्हटलं, “काही नाही, थोडी चौकशी.” आता गावात बोलतात की मी न्यूयॉर्कहून बसचे सुटे भाग मागवतोय.

तुला एक सांगायचं राहिलं. पहिली पाच पत्रं तू लिहून दिलीस तशीच पाठवली. मग ईस्टरआधीच्या उपवासकाळातला पहिला बुधवार आला. संध्याकाळी चर्चमध्ये सूप असतं आणि त्यानंतर पास्टर आज्ञांवर बोलतात. त्या दिवशी शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नये, ही आज्ञा होती. मला राहून राहून सिग्नेचे वडील दिसायला लागले. त्यांनी विचारलं होतं गं. एकदा का होईना, विचारलं होतं. ते मी कल्पनेतून उभे केलेले आहेत हे मला कळतं, पण चार वर्षं ते माझ्याबरोबर त्या थंड बसमध्ये बसले आहेत. त्यांच्यावर आळ कसा घेऊ? म्हणून उरलेल्या तीन पत्रांत मी एवढंच बदललं: “तिच्या वडिलांनी तिला एकदाच विचारून ती गोठलेल्या तळ्यावर नेऊन ठेवली आहे.” बाकी सगळं तुझंच. रागावू नकोस.

पाच पत्रांपैकी तिघांचे नकार आले. छापील चिठ्ठ्या आहेत, पण सभ्य. गंमत वाटते ती वेगळीच. पत्रपेटी उघडली की आत आपलंच अक्षर दिसतं. कुठेतरी लांब दुसरा एक सेल्मर रुस्ताद राहतो आणि तो मला आठवड्यातून एकदा लिहून कळवतो की जमणार नाही. त्याच्यावर राग धरता येत नाही. त्याचं अक्षर माझ्यापेक्षा बरं आहे असं मार्लिस म्हणते, कारण पाकिटं मी टेबलावर बसून लिहिली होती.

तळ्यावर यंदा एक निळी गाडी ठेवली आहे. इंजिन काढून, साखळी बांधून. हल्ली नियम कडक झालेत. मार्लिसने पंधरा एप्रिलवर पैज लावली आहे. पास्टरांनी चौदा सांगितली, तेव्हा सगळे मनात हसले. टेक्ससच्या माणसाला बर्फाचं काय कळणार!

तुझा,
सेल्मर


एल्व्हडाल
२१ मार्च १९९४

प्रिय आर्डिस,

मी पत्रं लिहीत नाही हे तुला माहीत आहे. कार्डावर सही करते तेवढंच. तेव्हा हे पत्र आलं म्हणजे काहीतरी झालं आहे, हे ओळखलं असशीलच. घाबरू नकोस, सगळे जिवंत आहेत.

सेल्मरने हे तुला कळवलेलं नाही आणि कळवणारही नाही. आठवड्यापूर्वी त्याला एक पाकीट आलं. दाराशीच उघडलं, वाचलं, घडी करून खिशात घातलं आणि मला म्हणाला, “हवा जरा बरी आहे आज.” नकार आला की तो मला दाखवतो. हे दाखवलं नाही. शनिवारी मी बस झाडायला गेले, तर ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या, ऊन अडवायच्या झडपेत ते खोचलेलं. मी वाचलं. लग्नाला पंचवीस वर्षं झाली आहेत, मला हक्क आहे. जसंच्या तसं देते:

“प्रिय श्री. रुस्ताद, एकदाच विचारून, हे शब्द माझ्या डोक्यातून जात नाहीत. संपूर्ण कादंबरी पाठवाल का? लेनोर फिशबाइन.”

मी तशीच घरी आले. तो बटाटे सोलत होता. म्हटलं, “हे काय आहे?”

“पत्र आहे.”

“ते दिसतंय. तू काय उत्तर दिलंस?”

“आभार मानले.”

“आणि कादंबरी?”

“लिहिलं की, तुम्ही कामात असाल, मुद्दाम त्रास घेऊ नका.”

“सेल्मर, तिने मागितली होती!”

तेव्हा तो इतक्या शांतपणे म्हणाला की माझ्याने रागावताही येईना. म्हणाला, “पहिल्यांदाच तर विचारलं तिने, मार्लिस.”

आता रोज बसची फेरी झाली की घरात यायच्या आधी पेटी उघडून बघतो. तिच्या दुसऱ्या विचारण्याची वाट बघतोय. मी स्वतःच कादंबरी खोक्यात भरून पाठवणार होते. दोरीसुद्धा काढली होती. पण पुस्तक त्याचं आहे, आणि मी पाठवलं तर तो जन्मभर म्हणेल की मार्लिसने पाठवलं. तू त्याला काहीतरी लिही. तुझं ओरडणं त्याला आवडतं.

मार्लिस


ब्रुकलिन
२५ मार्च १९९४

सेल्मर,

मार्लिसने सगळं कळवलं. तिच्यावर रागावलास तर मी पहिल्या विमानाने येईन.

मी फोन उचलला होता, पुन्हा ठेवला. फोनवर तू “बरं, बरं” म्हणशील आणि हवामान सांगशील. म्हणून लिहितेय.

लेनोर फिशबाइन दुसऱ्यांदा विचारणार नाही. तिला राग आला म्हणून नाही. तिच्या दारात दर आठवड्याला तीनशे माणसं “माझं घ्या, माझं घ्या” म्हणून उभी असतात. त्यात एकाला तिने हात करून आत बोलावलं आणि तो म्हणाला, तुम्ही कामात असाल. तिने काय समजावं? हा माणूस दुसऱ्या कुणाला देतोय. किंवा याचं पुस्तक पुरं झालेलं नाही. सेल्मर, या शहरात कुणी केकसुद्धा दुसऱ्यांदा विचारत नाही.

आणि तू! दोनशे ऐंशी पानं लिहिलीस, ती कशावर? एक मुलगी “न्या की” म्हणते आणि पुढचा सगळा हिवाळा बर्फावर पालथी पडून तिला ते निस्तरावं लागतं, यावर. ते लिहून, टाइप करून झालं आणि तू उठून तेच केलंस!

इथपर्यंत लिहून मी चहा करायला उठले. परत येऊन बसले आणि मला एक जुनी गोष्ट आठवली. धान्याच्या कोठारासमोर थांबणारी ती बस. १९६३चा सप्टेंबर. मी आत, तू खाली रस्त्यावर. मी खिडकी खाली करून म्हटलं, “सेल्मर, चल माझ्याबरोबर. तूही कॉलेजात नाव घाल.” तू म्हणालास, “नको, नको. तू जा.” आणि मी काच वर केली. मिनिआपोलिसपर्यंत मी तुझ्यावर रागावले होते. मग वाटायला लागलं की याला यायचंच नव्हतं. तीस वर्षं मी लोकांना सांगत आलेय की माझ्या चुलतभावाला गाव सोडायचं नव्हतं.

तो पहिला नको होता का रे?

मी त्या गावात जन्मले होते. मला कळायला हवं होतं. बस सुटायला दोन मिनिटं होती आणि मी तेवढ्यातच न्यूयॉर्कची झाले होते.

याचं उत्तर दे, न दे. पण लेनोर फिशबाइनला लिही. आज. मी मसुदा देणार नाही आणि तू पाठवशील त्याला हातही लावणार नाही. माझ्या हाताने सुधारलेली पाच गेली, त्यांतल्या एकानेही कादंबरी मागवलेली नाही. तुझ्या ‘एकदाच’ या एका शब्दाने ती मागवून घेतली.

आर्डिस


एल्व्हडाल
३ एप्रिल १९९४, ईस्टर

प्रिय आर्डिस,

प्रभू उठला आहे. आज चर्च भरलं होतं, मागे खुर्च्या मांडाव्या लागल्या. पास्टरांनी कॉफीच्या वेळी केक दोनदा नाकारला. शिकताहेत. वाईट एवढंच की तिसऱ्यांदा विचारेपर्यंत केक संपला.

काल पोस्टात खोकं दिलं. तुझ्यासाठी पत्राची नक्कल ठेवली आहे:

“प्रिय मिस फिशबाइन, तुम्ही माझी कादंबरी मागितलीत आणि मी तुम्हाला लिहिलं की त्रास घेऊ नका. आमच्या गावात याचा अर्थ, कृपया पुन्हा विचारा, असा होतो. तुमच्याकडे तसा होत नाही हे मला आता कळलं. कुणी काही देऊ केलं तर आम्ही दोनदा नको म्हणतो, म्हणजे देणाऱ्याला खरंच द्यायचं आहे की नाही ते कळतं आणि त्याला मागे फिरायला वाट राहते. यात प्रेम आहे. पण एखादे वेळी समोरचा एकदाच विचारतो आणि निघून जातो, आणि आपण हात वर करून रस्त्यावर उभे राहतो. माझ्या सिग्नेची गाडी अशीच गेली. तिच्या वडिलांचाही दोष नाही. त्यांना वाटलं, पोरीने मनापासून दिली. मी यावर चार वर्षं लिहीत होतो आणि तरी तीच चूक केली. तुम्ही ही कादंबरी वाचावी असं मला वाटतं. फार वाटतं. सोबत पाठवत आहे. सेल्मर रुस्ताद, शाळेची बस, सव्वीस वर्षं.”

“फार वाटतं” हे दोन शब्द लिहायला सकाळची फेरी ते दुपारची फेरी एवढा वेळ लागला. तीनदा खोडले. शेवटी डोळे मिटून लिहिले आणि डोळे मिटूनच पाकीट बंद केलं. ओळ थोडी वाकडी आली आहे.

तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देईन. अजून शब्द जुळवतोय.

तुझा,
सेल्मर


ब्रुकलिन
८ एप्रिल १९९४

प्रिय सेल्मर,

तुझ्या पत्रातला एक शब्दही मी बदलणार नाही. एकोणीस वर्षांत हजारो पत्रं उघडली. हे उघडलं असतं तर हातातली कॉफी गार झाली असती आणि मी उठून बाईंच्या खोलीत गेले असते, दार न वाजवता. तुझ्या पुस्तकाचा जीव जिथे होता तेच मी तुला कापायला सांगत होते. हे मी कबूल करतेय, जपून ठेव, पुन्हा करणार नाही.

आता फिशबाइनबाई काहीही म्हणोत. जूनमध्ये शाळा बंद झाली की तुम्ही दोघं माझ्याकडे या. दोन आठवडे. मांजराची खोली रिकामी करते.

हे पहिल्यांदा विचारलं. टपाल पोचायला वेळ लागतो, म्हणून दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदाही इथेच विचारून ठेवते:

याल का?

अरे, याल का?

आर्डिस


एल्व्हडाल
२४ एप्रिल १९९४

प्रिय आर्डिस,

गाडी चौदा तारखेला दुपारी बुडाली. पास्टर जिंकले. मार्लिसची पैज एका दिवसाने हुकली आणि ती अजून टेक्ससबद्दल बोलत नाही.

गुरुवारी संध्याकाळी जेवायला बसलो आणि फोन वाजला. मार्लिसने उचलला, ऐकलं, आणि जळतं लाकूड हातात आल्यासारखा माझ्यापुढे धरला. मिस फिशबाइन होत्या. खूप भरभर बोलतात. म्हणाल्या की तुमचं शेवटचं पत्र वाचून मी त्याच दुपारी खोकं फोडलं आणि शेवटचं पान होईपर्यंत उठले नाही. सिग्ने गाडी काठाला लावते आणि वडील तिथे उभे असतात, तिथे त्या रडल्या. ते म्हणतात ना, “मी पुन्हा विचारायला हवं होतं.” मला वाटलं, आता त्या म्हणतील की पण जमणार नाही.

मग म्हणाल्या, “श्री. रुस्ताद, मी हे पुस्तक प्रकाशकांकडे...”

“नको, नको” अगदी ओठांवर आलं, आर्डिस. खरं सांगतो, चव लागली. समोर मार्लिस पळी घेऊन उभी होती, ती खाली ठेवायचं विसरून. मी म्हणालो, “होय.”

मग त्या म्हणाल्या, “माझं वाक्य अजून पुरं झालेलं नाही.”

मी म्हटलं, “माफ करा. पण उत्तर तेच राहील.” त्या मोठ्याने हसल्या. माझा पत्ता लिहिलेलं दुसरं पाकीटही त्यांच्याकडेच राहिलं आहे. मार्लिस म्हणते, त्याचं तिकीट वाया गेलं. मी म्हटलं, जाऊ दे.

आता तुझ्या प्रश्नाचं. होय, तो पहिला नको होता. तू खिडकीतून विचारलंस तेव्हा माझ्या कोटाच्या खिशात बसच्या भाड्याइतके पैसे होते. बस कोठाराच्या पलीकडे वळेपर्यंत मी हात वर करून उभा होतो, मग घरी जाऊन गाईचं दूध काढलं. दुःख म्हणावं तर तसं नाही. त्या बसमध्ये चढलो असतो तर मार्लिस भेटली नसती, आणि शाळेमागची ती शांत बसही मिळाली नसती. देवाने मला दुसरी बस दिली आणि ती मी सव्वीस वर्षं चालवली. तू स्वतःला दोष देऊ नकोस. तू काच वर केलीस, पण मीही ती वाजवली नाही.

तुझ्या पत्रात तू तीनदा विचारलं आहेस. मी पहिल्या विचारण्यापर्यंत वाचलं, पत्र मिटलं आणि मार्लिसला बॅग काढायला सांगितलं. खालचं नंतर वाचलं.

होय. येतो.

तुझा,
सेल्मर

ता.क. मार्लिस विचारते, येताना लेफ्से, आपल्या त्या बटाट्याच्या पातळ पोळ्या, आणू का? ती एकदाच विचारणार आहे.